मेंबर आहे का नाही: वाचनालय प्रोजेक्टच्या नोंदी

२९ जून २०२४, शनिवार

शेवटी काकांनी हो म्हटलं. दोन महिने नुसतं "बघू की, गडबड काय हाय" चाललं होतं, आज स्वतःच कपाट उघडून रजिस्टरं टेबलावर आपटली. काका म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, खजिनदार, झाडलोट करणारे सगळं एकच. सभासदांची तीन रजिस्टरं आहेत आणि वर एक एक्सेल फाइल, जी कुणीतरी लई उत्साहानं सुरू करून मधेच सोडली. पानांचे फोटो काढले, मी आणि बहिणीनं टायपून घेतलं, सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये ओतलं तर १,८४६ ओळी भरल्या. एका ओळीत नाव, गाव, सभासद नंबर आणि वर्गणी कुठवर भरली ते.

काम एवढंच की काउंटरवर कुणी आलं की तो मेंबर आहे का नाही ते सांगायचं. काका हे काम बोटानं करतात, रजिस्टरवर वरून खाली. मी हॅस्केलमध्ये करणार, ती एक प्रोग्रॅमिंगची भाषा. हॅस्केलच का, तर सहा महिने झाले शिकालोय आणि फॅक्टोरियल सोडून काही लिहिलेलं नाही, नोकरीत सगळं जावास्क्रिप्टच. ऑफिसातला एकजण म्हणाला याला एक्सेलचा फिल्टर पुरे की. बरोबर आहे त्याचं. तरी करणार.

हॅस्केलमध्ये ह्यासाठी फंक्शन आयतंच आहे, एलेम. काय शोधायचं ते द्या, लिस्ट द्या, ट्रू नाहीतर फॉल्स येतं. उलट्या टिकल्यांत घालून दोघांच्या मधे ठेवलं तर वाक्यासारखं वाचता येतं: उचगाव एलेम गावं. उलट्या प्रश्नाला नॉटएलेम. म्हणजे प्रोजेक्ट एका ओळीत खलास. पण तसं केलं तर शिकलो काय, म्हणून आधी स्वतःच्या हातानं लिहून बघायचं. (कोड इथं देवनागरीतच लिहून ठेवतोय, खरा लॅपटॉपवर आहे.)

३० जून, रविवार

दिवसभर पाऊस, लाइट तीनदा गेली. तेवढ्यात एक लाजिरवाणी चूक करून झाली, ती नीट लिहून ठेवतो म्हणजे परत होणार नाही.

डोक्यात असं होतं की लिस्टचं पहिलं नाव आणि मला हवं असलेलं नाव एकच असेल तर ट्रू, म्हणून सरळ असं लिहिलं (कंसात लिस्टचं पहिलं नाव, मग उरलेली लिस्ट):

आहेका क्ष (क्ष : बाकी) = ट्रू

कंपायलरनं (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) तिथंच अडवलं, एकाच पॅटर्नमध्ये, म्हणजे इनपुट ज्यात बसतं त्या साच्यात, क्ष दोनदा आलाय म्हणून. अर्लँग नावाच्या भाषेत हे चालतं, तिथं तेच नाव दोनदा आलं की दोन्हीकडची व्हॅल्यू सारखी हवी असा अर्थ होतो, पण हॅस्केलला ते मान्य नाही. बरं म्हटलं, मग शहाणपणा करून पहिल्याला प नाव दिलं आणि आत केस लावलं, म्हणजे प कुठल्या साच्यात बसतो ते बघून फांदी निवडायची:

केस प ऑफ
  क्ष -> ट्रू
  _ -> आहेका क्ष बाकी

कंपाइल झालं. खूष. माझं नाव टाकलं, ट्रू. काकांचं टाकलं, ट्रू. मग गंमत म्हणून "मेथीची जुडी" टाकलं. ट्रू. मेथीची जुडी आमच्या वाचनालयाची सभासद.

झालं असं की केसच्या आतला क्ष हा माझा बाहेरचा क्ष नव्हेच. पॅटर्नमध्ये नाव लिहिलं की ती तुलना नसते, ते नवं भांडं असतं, जे येईल ते त्यात मावतं. त्यामुळं पहिलीच फांदी कायम लागते आणि खालची फांदी नुसती शोभेला. आणि कंपायलर वॉर्निंग देत होता की खालच्या ओळीला काही अर्थ नाही, मीच स्क्रोल करून पुढं गेलो होतो. आता सगळ्या वॉर्निंग चालू करून ठेवल्यात, तीच नावं झाकली गेली तरी ओरडेल.

एलिक्सिर ह्या भाषेवाल्यांनी ह्यासाठी वेगळी खूण ठेवलीय, नावाच्या आधी टोपीसारखं चिन्ह लावायचं, की हे नवं भांडं नको, आधीची व्हॅल्यूच धर. हॅस्केलमध्ये तुलना करायची तर उघड उघड दोन बरोबरच्या खुणा लिहाव्या लागतात. शेवटी चाललं ते हे:

आहेका _ [] = फॉल्स
आहेका क्ष (प : बाकी) = क्ष == प || आहेका क्ष बाकी

रिकामी लिस्ट असेल तर नाही. नसेल तर पहिला तोच आहे का बघ, नाहीतर उरलेल्यात बघ. काकांचं बोट हेच करतं.

आणि फंक्शनच्या टाइपमध्ये (ते कसला माल घेतं ते सांगणारी ओळ) ईक्यू लिहावं लागलं, म्हणजे ज्या गोष्टींना "सारखं आहे का" विचारता येतं त्यांच्यासाठीच हे फंक्शन. फंक्शनची लिस्ट केली आणि त्यात अमुक फंक्शन आहे का विचारलं तर हॅस्केल सरळ एरर देतो, कारण दोन फंक्शनं सगळ्या इनपुटवर सारखीच वागतात का हे ठरवायची सर्वसाधारण पद्धतच असू शकत नाही. तेव्हा वाटलं ही नुसती माहिती. पुढच्या रविवारी कळलं की सगळी गोम ह्या ईक्यूमध्येच आहे.

३ जुलै, बुधवार

लंच टाइममध्ये फोल्ड लावून (लिस्ट एकेक करत गुंडाळून एकच उत्तर काढणारं तयार फंक्शन) तेच परत लिहिलं. फोल्डआर नं केलं तर नाव सापडल्या ठिकाणी थांबतं, कारण "किंवा" ची डावी बाजू ट्रू निघाली की उजवीकडं बघायची गरजच नसते आणि हॅस्केल आळशी असल्यामुळं न लागणारं काम करतच नाही. बघायला १ पासून पुढं न संपणारी लिस्ट दिली आणि त्यात ५०० आहे का विचारलं. झटक्यात ट्रू. मग २, ४, ६ अशी न संपणारी सम संख्यांची लिस्ट दिली आणि ५ विचारला. लॅपटॉपचा पंखा घुमायला लागला, डबा खाऊन आलो तरी घुमतोय, शेवटी कंट्रोल सी. आपल्याला दिसतं की ६ आला म्हणजे ५ गेला, त्याला कुठं माहितेय लिस्ट चढत्या क्रमानं आहे. ते सांगायचं तर टेकव्हाइल लावून ५ च्या पुढं गेलं की कापून टाकायचं, मग फॉल्स येतं.

फोल्डएल नं लिहिलं तर उलटा प्रकार. तो शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन मगच तोंड उघडतो. म्हणजे काकांना पहिल्याच पानावर नाव दिसलं तरी १,८४६ नावं वाचून काढणार, चष्मा पुसणार आणि मग म्हणणार "हाय". न संपणाऱ्या लिस्टवर तर ५०० सापडूनही बसून राहिला.

एक साधी गोष्ट पहिल्यांदाच नीट डोक्यात बसली. "आहे" स्वस्त, "नाही" महाग. आहे म्हणायला सरासरी अर्धं रजिस्टर बघावं लागतं, नाही म्हणायला सगळंच.

७ जुलै, रविवार

आज खरं काम सुरू झालं आणि खरं डोकंही आजच दुखलं.

काकांना गावावरून शोधायचं होतं, अमुक गावचे मेंबर किती. मी म्हटलं सोपं आहे, येळ्ळूर टाकलं. अठ्ठावीस आले. काका म्हणाले, "अठ्ठावीस? येळ्ळूरचे लई हाईत रे, साठाच्या वर." फाइल उघडली तर येळ्ळूर, येळूर, यळ्ळूर, एक ठिकाणी तर यळूर. कानडीतून उतरवलेलं असेल तर एक तऱ्हा, मराठी शाळेच्या दाखल्यावरून असेल तर दुसरी, आणि एक्सेलवाल्यानं आपल्या मनानं तिसरी.

बेळगावचं तर विचारूच नका. जुन्या रजिस्टरात बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदलल्यावर काही ठिकाणी बेळगावी, आणि कॅम्पातल्या काही हिंदी बोलणाऱ्या सभासदांनी फॉर्मवर स्वतः लिहिलेलं बेलगाम. ह्या वादावर आमच्याकडं काय काय होतं ते इथं लिहायला बसलो तर प्रोजेक्ट राहील बाजूला. एलेमच्या दृष्टीनं ही तीन वेगळी गावं आहेत आणि त्याला कुठल्याच बाजूचं काही पडलेलं नाही.

हे झालं एक गाव आणि चार नावं. त्याच्या उलट पण आहे. सुळगा दोन आहेत, एक हिंडलग्याकडचं, एक येळ्ळूरकडचं, लोक लिहिताना सुळगा (हिं.) आणि सुळगे (ये.) असं लिहितात पण रजिस्टरात घाईत नुसतं सुळगा. कंग्राळी दोन, खुर्द आणि बुद्रुक, रजिस्टरात नुसतं कंग्राळी. म्हणजे इथं अक्षरन् अक्षर जुळतं, ट्रू येतं, आणि गाव भलतंच.

मी म्हटलं थांबा, थोडा फरक चालवून घेऊया. दोन शब्दांत किती खुणा बदलल्या, घातल्या, काढल्या ते मोजायचं आणि दोनपर्यंत फरक असेल तर सारखं मानायचं. स्वतःचा ईक्यू लिहिला. येळूर आणि येळ्ळूर जुळलं, कारण एक ळ आणि एक पाय मोडलेला असा दोनचाच फरक. येळूर आणि यळूर जुळलं, एका मात्रेचा फरक. पण येळ्ळूर आणि यळूर जुळेना, तो तीनचा फरक झाला. म्हणजे अ आणि ब सारखे, ब आणि क सारखे, पण अ आणि क नाहीत. असला "सारखा" कुठल्या कामाचा? ईक्यू लिहिताना ही साखळी तुटू नये अशी अपेक्षा असते, कंपायलर ती तपासत नाही, आपणच सांभाळायची.

आणि त्याहून भारी म्हणजे गावांची यादी काढली तर मुतगा गायब. मुतगा कुठं गेलं? सुळगा झालं होतं. म चा स, त चा ळ, दोनच बदल. एक सांबऱ्याच्या वाटेवर, एक हिंडलग्याच्या पलीकडं, मधे अख्खं बेळगाव शहर, आणि माझ्या प्रोग्रॅमनं दोन्ही एकाच जागी आणून ठेवलेली. काकांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला त्यांना. "बरं झालं की, रस्त्याचा खर्च वाचला."

तो ईक्यू काढून टाकला. असलं ढोबळ जुळवणं हवंच असेल तर एनी वापरायचं, त्याला आपण आपली अट देतो आणि ती अट कुणी पाळते का एवढंच तो सांगतो, "सारखं" ह्या शब्दाला हात लावत नाही. ते फक्त "तुम्हाला हे म्हणायचंय का?" अशी सुचवणी द्यायला ठेवलंय.

गावासाठी मग हातानंच टेबल केलं. डावीकडं लिहिलेलं नाव, उजवीकडं गावाचा ठरलेला कोड. काका सांगत गेले, मी टायपत गेलो, संध्याकाळचे साडेआठ वाजले, काकूंनी दोनदा फोन केला. नुसत्या सुळग्याला काय करायचं विचारलं तर म्हणाले आडनाव बघून मी सांगतो. ते ज्ञान कोडमध्ये कसं घालायचं हे मला येत नाही आणि घालूही नये वाटलं, म्हणून तिथं "नक्की नाही" असा तिसरा प्रकार ठेवला.

१० जुलै, बुधवार

ह्या एका अक्षरानं रात्रीचे दोन वाजवले.

पुस्तकांची पण एक यादी आहे, प्रत्येकाला विषयाची चिठ्ठी. त्यात एक विषय "शेतकऱ्यांसाठी". तो शोधला तर ९ पुस्तकं आली, रॅकवर मी स्वतः ३१ मोजलीत. ह्यावेळी स्पेलिंगचा प्रश्न नव्हता. स्क्रीनवर दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले, शंभर टक्के सारखे दिसतात, मोठा फॉन्ट करून बघितलं, काही फरक नाही. एलेम म्हणतो फॉल्स.

शेवटी लांबी काढली. एकाची १३, दुसऱ्याची १४.

मग एकेक खूण सुटी करून छापली तेव्हा दिसलं. आपला हा जो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, ऱ्य मधला, तो टाइप करायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे ऱ हे वेगळंच अक्षर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) यू+०९३१, त्याला हलंत आणि पुढं य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि मधे एक अदृश्य जोडणारा, झीरो विड्थ जॉइनर, यू+२००डी. बहिणीनं मोबाइलवर टायपलेलं एका वाटेनं गेलं, मी लॅपटॉपवर केलेलं दुसऱ्या. डोळ्याला एकच, मेमरीत दोन. पुढं शोधताना तिसरी वाट पण सापडली, साध्या र खाली नुक्ता देऊन केलेली, त्याचीही लांबी १४.

मला वाटलं युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या लिखाणांना एक रूप देणं, लावलं की सगळं सरळ होईल. अर्धंच झालं. नुक्तावाला र आणि ऱ हे युनिकोडनंच एक मानलेत, त्यामुळं एनएफसी (नॉर्मलायझेशनचाच एक प्रकार) लावलं की ते जुळतात. अदृश्य जोडणारा मात्र तसाच राहतो, त्याला नॉर्मलायझेशन हात लावत नाही.

मग रागानं म्हटलं सगळे अदृश्य कॅरेक्टरच काढून टाकतो. टाकले. आता शब्द झाला शेतकर्यांसाठी, रफार उडून य च्या डोक्यावर. नुसतं दिसायला वाईट असतं तर सोडून दिलं असतं, पण आपल्या भाषेत ह्यानं शब्दच बदलतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना म्हणजे लग्नातल्या स्वयंपाक्यांना आणि आचार्यांना म्हणजे गुरुजींना. वाचनालयात दोन्ही विषयांची पुस्तकं आहेत, पाककृतीची चिठ्ठी जाऊन तत्त्वज्ञानाच्या रॅकला लागली असती.

तेव्हा नियम असा केला की र, हलंत, अदृश्य जोडणारा हे तिघं लागोपाठ दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत ठेवायचं, मग एनएफसी. ॲक्युप्रेशरच्या ॲ ला पण वेगळा नियम लागला, कारण तो एकाच अक्षरात यू+०९७२ म्हणून लिहिता येतो नाहीतर अ वर चंद्र देऊन, आणि ह्या दोघांना युनिकोड एक मानत नाही. हे सगळं एका न्यूटाइपमध्ये (स्ट्रिंगवर वेगळं वेष्टन घालून केलेला टाइप) कोंबलं, नाव "शब्द", आणि बाहेरून कच्ची स्ट्रिंग घेऊन शब्द करायचा एकच दरवाजा ठेवला, त्यातून जाताना धुऊनच जायचं. आता शब्दाचा ईक्यू साधाच आहे, साखळी तुटायचा प्रश्न नाही.

३१ आली. झोपतो.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. वाचनालय बंद, कोड बंद. सकाळी दिंडी, घरी साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ.

२१ जुलै, रविवार

आज लिस्ट सोडून सेटकडं. खरं तर १,८४६ नावांना लिस्टनं काही बिघडत नव्हतं, उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं, पण डुप्लिकेट शोधायचे होते आणि तिथं प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडायचं म्हणजे १७,०२,९३५ तुलना. नब नावाचं तयार फंक्शन आहे ते सगळीच नावं वेगळी निघाली तर एवढंच करतं. सेट हे झाड असतं, दर पायरीला अर्धी बाजू सोडून द्यायची, १,८४६ मधलं एक नाव शोधायला साधारण ११ तुलना. काका पण हेच करतात की, डिक्शनरी बघताना मधेच उघडतात, पहिल्या पानापासून कोण बघतंय. रजिस्टर मात्र आले तसे लिहिलेले, म्हणून तिथं बोट.

सेटला ईक्यू पुरत नाही, ऑर्ड लागतं, म्हणजे लहानमोठं ठरवता आलं पाहिजे. ते ठरतं युनिकोडच्या नंबरावर, त्यामुळं ळ येतो व च्या आधी, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. सेटला चालतं. छापील यादी काकांना द्यायची तर चालणार नाही, ते नंतर बघू.

आता इथली फसवणूक. लिस्टचा सेट केला आणि कोडमध्ये जिथं जिथं एलेम होता तो तसाच ठेवला. कंपाइल झालं, उत्तरं बरोबर, मी खूष की काहीच बदलावं लागलं नाही. डॉक्युमेंटेशन वाचताना कळलं की एलेम सेटवर चालवला तरी तो एकेक करूनच बघतो! कारण २०१५ साली जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) ७.१० पासून एलेम हा फक्त लिस्टचा राहिला नाही, जे काही फोल्ड करता येतं त्या सगळ्याचा झाला, आणि त्याच्या टाइपमध्ये फक्त ईक्यू आहे. ऑर्ड त्याच्या हातातच नाही तर अर्धी बाजू सोडणार कशाच्या जोरावर? झाडावर चढायला शिडी लावून ठेवलीय आणि हा खोडाला मिठी मारून चढतोय. सेटचं स्वतःचं फंक्शन वेगळं आहे, मेंबर. नाव बघा, आमच्या कामासाठीच ठेवल्यासारखं.

मॅपवर तर त्याहून वाईट. सभासद नंबरावरून नाव मिळावं म्हणून मॅप केलेला, नंबर ही किल्ली आणि नाव ही व्हॅल्यू, दोन्ही टेक्स्टच ठेवलेले. एलेमला नंबर दिला. फॉल्स. कुठलाही नंबर दिला तरी फॉल्स. कारण मॅपवर एलेम किल्ल्या बघतच नाही, व्हॅल्यू बघतो, म्हणजे तो बिचारा १,८४६ नावांमध्ये "११२७" नावाचा माणूस शोधत होता. दोन्ही टेक्स्ट असल्यामुळं कंपायलरला पण संशय आला नाही. नंबराला वेगळा टाइप दिला असता तर तिथंच पकडला असता. दिला आता.

जोडीवर पण एलेम चालतो, (३, ४) ह्या जोडीत ३ आहे का विचारलं तर फॉल्स आणि ४ विचारला तर ट्रू, कारण जोडीचा दुसराच भाग त्याला दिसतो. कारण समजलं, तरी मनाला पटत नाही.

२५ जुलै, गुरुवार

हुबळीचा मित्र फोनवर. तो क्लोजर ह्या भाषेवाला. मी माझं रडगाणं गायलं तर म्हणाला, अरे आमच्याकडं ये. तिथं कंटेन्स नावाचं फंक्शन आहे, शेवटी प्रश्नचिन्ह. १०, २०, ३० असा व्हेक्टर देऊन त्यात २० आहे का विचारलं तर फॉल्स येतं. आणि २ आहे का विचारलं तर ट्रू! कारण ते व्हॅल्यू बघत नाही, जागा बघतं, आणि ०, १, २ ह्या जागा आहेत. साध्या लिस्टवर चालवलं तर एररच. व्हॅल्यू शोधायची तर सम नावाचं फंक्शन वापरून त्याला एक सेट द्यायचा. मी म्हटलं, माझ्या मॅपच्या तक्रारीची ही उलटी बाजू झाली की. दोघं हसत बसलो.

मग फोन ठेवून उगाच एकेका भाषेत तेच करून बघितलं. एलिक्सिरमध्ये इन लिहायचं, वाचायला छान, पण लिस्टमध्ये १.० आहे आणि १ विचारला तर नाही म्हणतं, तुलना कडक आहे. स्कीमवाल्यांनी तर भांडणच मिटवलंय, मेमक्यू, मेमव्ही आणि मेंबर अशी तीनच फंक्शनं, कुठल्या अर्थानं "सारखं" ते नावातच. कॉमन लिस्पमध्ये मेंबर एकच पण न सांगता वापरलं तर स्ट्रिंग सापडत नाही, कारण दोन वेगळ्या स्ट्रिंगा त्याला अक्षरं सारखी असली तरी वेगळ्या, टेस्ट म्हणून ईक्वल द्यावं लागतं. ओकॅमलमध्ये मेम अक्षरं बघतो, मेमक्यू मेमरीतली जागा. आणि एनएएन, म्हणजे संख्याच नसलेली संख्या, ती हॅस्केलमध्ये स्वतःच्याच लिस्टमध्ये सापडत नाही कारण नियमाप्रमाणं ती स्वतःच्या बरोबर नसते. ओकॅमलचा मेम मात्र कंपेअर वापरतो, त्यात ती स्वतःच्या बरोबर धरली जाते, त्यामुळं तिथं सापडते. एकच प्रश्न, एकच लिस्ट, दोन उत्तरं आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

लिस्पच्या मेंबरची एक गोष्ट आवडली. तो सापडलं तर ट्रू देत नाही, सापडल्या जागेपासून पुढची सगळी लिस्ट देतो. तेव्हा वाटलं ही काय पद्धत.

२८ जुलै, रविवार

काउंटरवर पहिला दिवस. काकांनी आपलंच नाव टाकलं. स्क्रीनवर "आहे".

"आहे म्हणजे? हाय ते मला म्हाईत हाय की. नंबर काय? वर्गणी कुठवर भरलीया?"

मी गप्प. खरंच, एवढी मारामारी करून एक ट्रू मिळवला आणि त्या ट्रू मध्ये काहीच नाही. कोण सापडला, कुठं सापडला, सगळं शोधताना हातात होतं आणि शेवटी फेकून देऊन नुसतं "आहे" घेऊन आलो. तिथल्या तिथं एलेम काढला आणि फाइंड लावला. फाइंड मेबी देतो, सापडलं तर जस्ट आणि आत अख्खी ओळ, नाही सापडलं तर नथिंग. लिस्पच्या त्या पद्धतीची मनातल्या मनात माफी मागितली.

दुपारी एक मावशी आल्या, कानडी बोलणाऱ्या, "नन् हेसरु ऐतेन्री?" काका म्हणाले थांबा, ह्यो पोरगा सांगतोय. मी नाव टाकलं, गाव यळ्ळूर टाकलं, टेबलानं त्याचं येळ्ळूर केलं, ओळ आली, नंबर आला, वर्गणी मार्चपर्यंत. मावशींनी पिशवीतून पैसे काढून तिथंच भरले. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "हे बरं केलास." काकांकडून एवढं म्हणजे लई झालं.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी एक आजोबा आले, पंधरा वर्षांपासून मेंबर आहे म्हणाले. टाकलं, नथिंग. स्पेलिंग बदलून टाकलं, नथिंग. एनी वाली सुचवणी पण गप्प. मी म्हटलं आजोबा, तुमचं नाव नाही. ते काही बोलले नाहीत, काकांकडं बघितलं.

काकांनी दुसरं रजिस्टर घेतलं, उघडलं, बोट फिरवत गेले आणि एका पानाशी थांबून अंगठ्यानं कोपरा चोळायला लागले. ओल लागून दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मी फोटो काढताना एकच पान म्हणून पालटलेलं. हळूहळू सोडवलं तर आत दोन बाजू, प्रत्येकी २२ ओळी. आजोबा वरून सहावे.

माझा प्रोग्रॅम खोटं बोलला नव्हता, त्याच्या लिस्टमध्ये नव्हतेच ते. पण मी आजोबांना "माझ्या लिस्टमध्ये नाही" असं म्हटलं नव्हतं, "नाही" म्हटलं होतं. स्क्रीनवरचं वाक्य बदललं, आता नथिंग आलं की "यादीत सापडलं नाही, रजिस्टर बघा" असं येतं. काकांनी आजोबांना चहा मागवला, मला पण.

संध्याकाळी ४४ नावं टायपून घातली, बाकी पानं एकेक करून उजेडासमोर धरून बघितली, अजून कुठं चिकटलेलं नाही. एकूण १,८९०. सेटला अजून साधारण ११ तुलनाच पुरतात, २,०४८ पर्यंत काळजी नाही. कमिट मेसेज (कोडमधला बदल साठवताना लिहायची टीप): "चिकटलेली दोन पानं सुटी केली". राहिलंय ते म्हणजे वर्णमालेप्रमाणं छापील यादी, ळ शेवटी, आणि सुळग्याच्या सात जणांना फोन करून कुठलं सुळगा ते विचारणं. फोन काका करणार.